छपरं बंद केलेलं गाव

बाबांनी कॉम्प्युटर घेतला तो मला न विचारता. कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा, कोर्स केलेली मी, भंडाऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर माऊस घासणारी मी, आणि हे गृहस्थ एका दुपारी कारध्याहून पूल ओलांडून भंडाऱ्यात गेले आणि ऑटोत खोकी घालून परत आले. संध्याकाळी मी घरी पोचले तर टेबलावर सगळं मांडून, वायरी जोडून, त्यावर आईचा जुना टॉवेल झाकून बसलेले.

"ग्राफिक कार्ड कोणतं टाकलं?" मी पहिलंच विचारलं.

"इनबिल्ट हाये. वेगळं घ्यावंच लागत नाई म्हणे. त्याच्यातच येते."

मी कपाळावर हात मारला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. चित्र काढणारा भाग बोर्डातच होता, फक्त त्याची स्वतःची मेमरी नव्हती. वेगळं कार्ड असलं की ते आपली मेमरी सोबत घेऊन येतं. हा बिचारा कॉम्प्युटरच्याच रॅममधून हिस्सा घेणारा. पडद्यावरच्या चित्राला जास्त द्याल तर कामाला कमी पडणार, कामाला द्याल तर चित्र जागचं हलणार नाही. पत्र टाइप करायला, सिनेमा पाहायला असलं यंत्र छान चालतं. आमच्या ऑफिसातली यंत्रंही त्याच जातीची होती, पण आम्ही प्लॉटचे सपाट नकाशे काढायचो, आमचं भागत होतं. बाबांना थ्रीडी काढायचं होतं. आणि बोर्ड असा चिमुकला की पुढे कार्ड बसवावं म्हटलं तर त्यात खाचच नाही.

"बाबा, तुमी मले एक फोन तरी कराचा होता."

"तू नाई म्हटली असती," ते म्हणाले. ते खरंच होतं.

बाबा जवाहरनगरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म ट्रेसिंग पेपरवर वाकून गेला. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि कारध्याला नदीच्या अलीकडे दोन खोल्या बांधल्या. आई त्याआधीच गेली होती. घरात आम्ही दोघं, भिंतीवर दोन तसबिरी, आणि आता हा कॉम्प्युटर. त्यांना काढायचं होतं आमचं गाव.

गावाचं नाव लिहीत नाही. ते गाव धरणाच्या मागच्या पाण्यात गेलं, आणि नाव सरकारने नव्या वसाहतीला दिलं. त्या वसाहतीला ते शोभत नाही. सरळ आखलेल्या गल्ल्या, विजेचे खांब, टिनाची नाहीतर स्लॅबची घरं. तिथे कोणी कोणाच्या ओट्यावर बसत नाही, कारण ओटेच नाहीत.

तिथेच आत्या राहायची. बाबांची मोठी बहीण. बाबा तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. कमी वयात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. त्यानंतर आजी गेली, तेव्हा बाबा शाळेतही जात नव्हते. मग बाबांना वाढवलं ते आत्यानेच. लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी करून, कमरेत वाकून वाकून, तिने त्यांना ड्राफ्ट्समन केलं. तिचं स्वतःचं घर जुन्या गावाच्या टोकाला, आमच्या बौद्ध वस्तीत, बोडीच्या पाळीखाली. बोडी म्हणजे गावातलं लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. त्या पाळीवर उभं राहिलं की सगळं गाव दिसायचं. इकडे आमची वस्ती, पलीकडे बाकीचं गाव, मधे नाला.

आत्याच्या घराची एक खोड होती. ते गळायचं. चुलीच्या वरच्या कोपऱ्यात, नेहमी तिथेच. दरवर्षी मिरगाच्या आधी सगळं गाव कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचं. सगळी कवेलू उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, धड असलेली झाडून पुन्हा एकावर एक रचायची. घराघरात हेच काम, आणि एकमेकांच्या छपरावर चढायला माणसं बोलावली जायची. आत्याच्या छपरावर मात्र बाबाच चढायचे. त्यासाठी जवाहरनगरहून सुटी काढून जायचे. आणि कितीही नीट फेरलं तरी आषाढात चुलीवर टपटप सुरू. "तुया ड्रॉइंगमंदी चुकी हाये गा," आत्या म्हणायची, आणि बाबा खरंच चिडायचे.

गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं सोडली, पण कवेलू सोडली नाहीत. दारं, छपराचे फाटे, कवेलू, सगळं उतरवून ट्रॅक्टरवर घातलं. शेवटच्या दिवशी आम्ही आत्याला न्यायला गेलो तर गावभर नुसत्या भिंती उभ्या होत्या आणि आत चुली उघड्या पडलेल्या. उन्हात त्या चुली पाहवत नव्हत्या. नव्या घराला टिन होतं, त्यामुळे आत्याची कवेलू मागच्या भिंतीला टेकून ढीग होऊन पडली. ती कोणाला देऊही द्यायची नाही. त्यातलं एक बाबांनी कारध्याला आणलं आणि कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवलं.

तिथूनच सगळं बिनसलं असं मी म्हणेन. बाबांनी त्या कवेलूला व्हर्निअर लावला. लांबी, तोंडाची रुंदी, शेपटाची रुंदी, जाडी, बाक. मग कॅडमध्ये ते हुबेहूब उभं केलं, आणि मग घरावर रचायला घेतलं. एकेक. खालचं उताणं, वरचं पालथं.

"असं नसते करत," मी म्हटलं. "एक सपाट पत्रा टाका, वरून रेघा मारा. दुरून कवेलूच दिसते."

"अन् पाणी कसं उतरन मंग?"

"बाबा, कॉम्प्युटरमंदी पाणी येत नाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कारखान्याला नापास माल पाठवलाय. ज्या माणसाने आयुष्यभर एकेक पेच, एकेक वायसर वेगळा काढला, तो घरावर खोटं छप्पर टाकणार नव्हता. मी दोन दिवस बोलले नाही, मग बोलले, कारण घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

यंत्राने मान टाकायला वेळ लागला नाही. एका गल्लीतली पाच-सहा घरं झाली की चित्र फिरवताना पडदा अडकायचा. बाबा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचे, सुरुवातीच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन मेमरीतला चित्राचा हिस्सा वाढवायचे. मग प्रोग्रामच उघडायचा नाही. पुन्हा कमी करायचे. शेवटी त्यांनी गल्लीवार फाइली केल्या. एका फाइलीत एक गल्ली. तिच्यातही थर वेगळे. भिंती एका थरावर, दारं एकावर, झाडं एकावर, कवेलू एकावर. हे त्यांना शिकवावं लागलं नाही. ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून काम केलेला माणूस. नको तो कागद काढून घ्यायचा, हवा तो ठेवायचा. थर बंद केला की यंत्रालाही तेवढाच श्वास.

आत्या दर रविवारी यायची. वसाहतीतला एक जण तिला मोटरसायकलवर सोडायचा. ती प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि पडद्याकडे बघायची. तिला आधी वाटायचं की बाबा मुद्दाम अर्धं गाव लपवतात.

"काहून एकच गल्ली दाखवून राहिला गा? बाकीचं कुठी गेलं?"

बाबांनी तिला सांगितलं. यंत्राकडे मेमरी एकच आहे. चित्रालाही त्यातूनच, कामालाही त्यातूनच.

"म्हंजे पाट एक अन् बांध्या दोन," आत्या म्हणाली. "इकडचं तोंड बंद करा तं तिकडं पाणी."

"बस, तेच."

यापेक्षा चांगलं मला कोर्समध्येही कोणी सांगितलं नव्हतं. आत्याच बाबांची सर्व्हेअर होती. कोणाचं दार कुठे उघडायचं, कोणाच्या अंगणात बोरीचं झाड होतं, कोणती भिंत पुरात खचून तिरकी बसली होती, ते ती सांगायची. नाल्यापलीकडच्या घरांचं मात्र अडायचं. त्या घरांमध्ये ओट्याच्या पुढे आमच्यापैकी कोणी कधी गेलेलं नव्हतं. मग आत्या वसाहतीत त्यांच्याच घरी जाऊन विचारायची, "तुमचं सयपाकघर कोणत्या अंगाले होतं, सांगा." ते चहा देऊन सांगायचे. गाव बुडाल्यावर हे झालं. मला त्याचा राग येतो तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वर्षी आत्याला धाप लागायला लागली. भंडाऱ्यात दाखवलं, डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं आणि मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. आत्याला कोणी काही बोललं नाही, पण ती काही खुळी नव्हती. त्या रविवारी ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता मले पुरं गाव दाखव. बोडीच्या पाळीवरून दिसते तसं. एका टायमाले."

"दाखवतो न बाई."

"लवकर दाखव."

बाबांनी सगळ्या गल्ल्या एका फाइलीत आणायला घेतल्या. मी ऑफिसातून आले की ते तिथेच बसलेले असायचे, डोळे लाल. एक गल्ली आली, दुसरी आली, तिसरी आणताना सगळं गोठलं. त्यांनी आंबा, बोरी, चिंच, सगळी झाडं बंद केली. बैलगाड्या बंद केल्या. दारांच्या कड्या बंद केल्या. तरी नाही. मी म्हटलं, कवेलू बंद करा, दुसरा इलाज नाही. ते उठून नदीकडे फिरायला गेले. परत आले आणि तो थर बंद केला. आणि गाव उघडलं. सगळंच्या सगळं, नाल्याच्या दोन्ही बाजू, एकाच पडद्यावर. माऊस फिरवला तर फिरतही होतं. मला भरून आलं. बाबा मात्र नुसतं बघत राहिले. "बाई भिंती तरी पाहीन," म्हणाले.

रविवारी आत्याला आम्ही ऑटोने आणलं. आता मोटरसायकल जमत नव्हती. तिने नवं पातळ नेसलं होतं, कोणाच्या घरी पाहुणी निघाल्यासारखं. दोघांनी धरून खुर्चीत बसवली. बाबांनी चित्र फिरवत फिरवत बोडीच्या पाळीवर आणलं आणि थांबवलं.

आत्या पुढे वाकली. बोट हवेत धरून गल्ली गल्ली मोजत गेली. विहार. हातपंप. नाला. पलीकडचं देऊळ. मग बोट थांबलं. मला वाटलं धाप लागली.

"कवेलू उतरवले काय गा?" तिने विचारलं.

बाबांनी माऊस सोडला.

"हे तं जायच्या दिवसाचं गाव होय," आत्या म्हणाली. "मी हे कायले पाहू? हे तं पायलं मी."

तेव्हा मला दिसलं. इतके दिवस ते चित्र आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्हाला दोघांनाही दिसलं नव्हतं. नुसत्या भिंती, वरून उघड्या, प्रत्येक घरात चूल उघडी. बाबांनी चुली बंद केल्या नव्हत्या, त्यांना फार जागा लागत नव्हती. ट्रॅक्टर निघाले त्या दुपारचं गाव आम्ही तिला दाखवत होतो. मला जीव नकोसा झाला.

"उतरवले नाई बाई, बंद केले फक्त," बाबा म्हणाले. "हायेत अंदर."

"मंग माया एकटीच्या घरावर टाक. बाकीच्यायचं राहू दे."

एवढंच मागितलं तिने. आणि ते जमणारं नव्हतं. प्रत्येक गल्लीच्या फाइलीत बाबांनी त्या थराला एकच नाव दिलं होतं, 'कवेलू'. कारखान्याची शिस्त. एका वस्तूला एकच नाव, कोणत्याही कागदावर. सगळ्या गल्ल्या एकत्र आल्या तेव्हा एका नावाचे थर मिसळून एकच झाले. आता एक तर साऱ्या गावावर कवेलू, नाहीतर एकाही घरावर नाहीत. मी त्यांना नको म्हणून खूण केली. त्यांनी ऐकलं नाही. थर चालू केला.

पडदा पांढरा झाला. आतला पंखा घरघरायला लागला. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलो. आत्या डोळे बारीक करून बघत होती, आता येईल, आता येईल. चहा झाला. तरी पांढराच. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे गा. थकलं ते. त्याले बंद कर."

"पुढच्या आयतवारी तुयं घर करून ठेवतो," बाबा म्हणाले. "वेगळं काढून, वेगळा थर करून. पक्कं."

"बरं," आत्या म्हणाली. जाताना तिने टेबलावरचं ते खरं कवेलू उचललं, पदराने पुसलं आणि परत ठेवलं.

पुढचा रविवार तिला मिळाला नाही. वसाहतीतून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आम्ही पोचलो तर तिला अंगणातल्या टिनाखाली ठेवलेलं, डोक्यावर त्याची झळ. बाबा घराच्या मागे गेले आणि कवेलूच्या ढिगापाशी उभे राहिले. कोणी बोलवायला गेलं तरी येईनात. मीच गेले आणि हात धरून आणलं.

त्यानंतर बाबांनी कॉम्प्युटर उघडला नाही. टॉवेल टाकला तो तसाच राहिला. मी कितीदा म्हटलं, वसाहतीतले लोक विचारतात, त्यांना त्यांची गल्ली दाखवा. ते म्हणायचे, बिघडलंय. बिघडलं नव्हतं. पुढे मला नागपूरला नोकरी लागली, बाबांनाही मी नेलं, आणि ते यंत्र भंगारात जायच्या आधी मी सगळ्या फाइली काढून घेतल्या. त्यांना सांगितलं नाही.

मागच्या वर्षी मी घरच्या कामासाठी नवीन कॉम्प्युटर घेतला. वेगळं कार्ड, त्याची स्वतःची मेमरी, भरपूर. ऑफिसचे मोठे मोठे मॉडेल त्यावर लोण्यासारखे फिरतात. एका रविवारी सकाळी मी बाबांना शेजारी बसवलं. आता त्यांना जवळचं नीट दिसत नाही, मोठा पडदा लावला. आणि ती पुऱ्या गावाची फाइल उघडली.

गाव क्षणात आलं. बिनछपराचं, तसंच, चुली उघड्या. पण पाळीखाली एका घरावर कवेलू होती. एकट्या एका घरावर, पूर्ण, वळचणीपर्यंत रचलेली.

मी बाबांकडे पाहिलं.

"केलं होतं," ते म्हणाले. "दोनच दिवसांत केलं होतं. आयतवारची वाट पाहून राहिलो होतो."

इतकी वर्षं या माणसाने हे पोटात ठेवलं. मी रडत होते आणि त्यांना दिसू नये म्हणून पडद्याकडे तोंड केलं होतं. मग काहीतरी करायचं म्हणून विचारलं, "सगळ्यायवर टाकू?"

"टाक."

मी तो जुना थर चालू केला. पडदा पांढरा झाला नाही. पंख्याचा आवाजसुद्धा वाढला नाही. एका क्लिकमध्ये साऱ्या गावावर कवेलू आली, नाल्याच्या दोन्ही बाजूंना, देवळाच्या पडवीवर, विहारामागच्या लहानशा खोलीवर. मी झाडं चालू केली. बैलगाड्या, कड्या, सगळं. मग पाळीवर नेऊन थांबवलं. आत्याने मागितलं होतं ते हेच.

सगळं गाव स्थिर होतं. फक्त आत्याचं छप्पर लुकलुकत होतं. फिरवलं की जास्तच. मी जवळ जाऊन पाहिलं तर लक्षात आलं. तिच्या घराची जुनी कवेलू सगळ्यांबरोबरच्या थरात होतीच, आणि बाबांनी केलेली वेगळी त्याच जागी, कणभरही सरकलेली नाहीत. एकाच ठिकाणी दोन वस्तू आल्या की कोणती वर दाखवायची ते कार्डाला ठरवता येत नाही. एकदा ही दाखवतं, एकदा ती. असं राहू देत नाहीत. ऑफिसात कोणी असं मॉडेल पाठवलं तर मी परत पाठवते.

"आत्याच्या घरावर दोनदा झाले कवेलू," मी बाबांना सांगितलं. "एक काढून टाकते."

बाबांनी माझा माऊसवरचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "गळत होतं तिचं घर."